आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन वगैरे पेनकिलर चिठ्ठीशिवाय घेताना: किती, किती दिवस, आणि कोणी घ्यायच्याच नाहीत?

औषधपेटी
घरातल्या औषधांच्या डब्यासाठी एक तक्ता लिहून झाकणाला आतून चिकटवायचा आहे, म्हणजे रात्री-अपरात्री कोणीही डबा उघडला तरी अंदाजपंचे काम होणार नाही. डब्यात सध्या एवढं आहे: आयबुप्रोफेन ४०० ची स्ट्रिप, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली स्ट्रिप, नॅप्रोक्सेन २५०, साधं पॅरासिटामॉल ५००, डायक्लोफेनॅक जेलची ट्यूब, आणि लहान मुलांचं आयबुप्रोफेन सिरप.
वापरणारे: दोन धडधाकट मोठी माणसं, सत्तरीच्या आजी (गुडघेदुखी, बीपीची गोळी आणि रोजची कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू), आणि सहा वर्षांचं मूल, वजन २० किलो.
प्रश्न असे. एका वेळी किती, दिवसाला किती, सलग किती दिवस? जेवणानंतरच घ्यायची का? सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की पोटाची काळजी मिटली का? आजींना यातलं काय चालेल? ‘डॉक्टरांना विचारा’ हे ठाऊक आहे. काय विचारायचं आणि का, ते कळलं तर बरं.

मात्रा_मोजून
तक्त्याच्या आधी एक काम करा. ती एकत्र गोळीची स्ट्रिप डब्यातून काढा, किंवा निदान वेगळ्या पाकिटात ठेवा. घरी होणाऱ्या बऱ्याच चुका अशा स्ट्रिपमुळे होतात. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून माणूस आयबुप्रोफेनवर दोन तासांनी ही घेतो आणि नकळत तेच औषध दुप्पट होतं. ब्रँडचं नाव वाचूच नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा आणि तो मार्करने स्ट्रिपच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणखी एक: कात्रीने चार-चार गोळ्यांचे तुकडे पाडून ठेवायची सवय असेल तर घटकाचं नाव आणि मुदतीची तारीख एकाच तुकड्यावर राहते, बाकीचे तुकडे निनावी. ज्या टोकाला छपाई आहे ते टोक शेवटी वापरायचं.

आता मात्रा. हे सगळं धडधाकट मोठ्या माणसासाठी.

आयबुप्रोफेन: आधी २०० मिग्रॅ घेऊन बघावं, पुरलं नाही तर ४००. (४०० ची गोळी मोडायची तर मधे रेघ असेल तरच मोडा.) दोन वेळांमध्ये ६ तास. स्वतःच्या मनाने घ्यायची २४ तासांतली मर्यादा १२०० मिग्रॅ, म्हणजे ४०० च्या तीन. डॉक्टर याहून जास्त देतात ते संधिवातासारख्या आजारात सूज उतरवण्यासाठी, आणि तेव्हा ते रक्त-लघवीच्या तपासण्यांवर लक्ष ठेवून असतात. नुसत्या दुखण्यासाठी एका वेळी ४०० च्या पुढे गेलं तर फायदा फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

नॅप्रोक्सेन २५०: सकाळी एक, संध्याकाळी एक. बस्स. आयबुप्रोफेन शरीरातून दर दोनेक तासांनी निम्मं होतं, नॅप्रोक्सेनला निम्मं व्हायला १२ ते १७ तास लागतात. म्हणून ‘सकाळची उतरली असेल आता’ हा हिशेब नॅप्रोक्सेनला लागू पडत नाही. त्याच्यावर आयबुप्रोफेन घेणं म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकत्र. अशा दोन गोळ्यांनी दुखणं दुप्पट थांबत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला मार मात्र दुप्पट. डब्यात दोन्ही ठेवायचीही गरज नाही, एक ठरवा. घरगुती वापराला मी आयबुप्रोफेन ठेवेन, कारण चूक झाली तरी लवकर निचरा होतो.

दिवस: तापासाठी ३, दुखण्यासाठी जास्तीत जास्त १०. हे आकडे वेष्टनावर असतात ते कमाल मर्यादा म्हणून, कोर्स म्हणून नव्हे. चौथ्या-पाचव्या दिवशीही गोळीशिवाय भागत नसेल तर दुखण्याचं कारण शोधायला हवं.

जेवणानंतर का, याचं उत्तर लोकांना वाटतं तसं नाही. १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात (१९८२ च्या नोबेलमागे हे काम होतं). हीच प्रोस्टाग्लँडिनं दुखऱ्या जागी सूज आणि ठणका आणतात, आणि तीच जठराच्या आतल्या बुळबुळीत थराची राखण करतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. गोळी हा भेद करत नाही. म्हणजे पोटाला खरी इजा होते ती मुख्यतः रक्तातून, गोळी जठराला घासून नव्हे. म्हणून इंजेक्शन किंवा गुदद्वारातून दिलेल्या औषधानेही अल्सर होऊ शकतो. भरल्या पोटी घेतल्याने जळजळ आणि मळमळ कमी होते, गुण यायला मात्र थोडा उशीर लागतो. अल्सर टळतो असं समजू नका.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीचंही तसंच. चघळायची किंवा पातळ अँटासिड फक्त आग शमवते, आतली जखम झाकली जाते. ओमेप्राझोल-पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्या जठर आणि त्याच्या लगतच्या आतड्याचं खरोखर रक्षण करतात, पण पुढच्या लहान आतड्याचं नाही. आणि मूत्रपिंड, हृदय यांचं रक्षण तर त्या करतच नाहीत.

दुसरी_बाजू
वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक दुरुस्ती सोडून. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी वाईट नाही. दाढदुखीत तर ती चांगली चालते, कारण दोघांचं काम करण्याचं तंत्र वेगळं आहे. वाईट आहे ती एकाच गोळीत कोंबलेली जोडी. वेगवेगळ्या गोळ्या असल्या की कुठली कमी करायची ते आपल्या हातात राहतं.

आता आजी. त्यांच्यासाठी तक्त्यात आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेनसमोर सरळ फुली मारा.

पहिलं कारण बीपीची गोळी. तिच्या स्ट्रिपवरचा घटक वाचा. शेवटी ‘प्रिल’ असेल (रामिप्रिल, एनालाप्रिल) किंवा ‘सार्टन’ असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन) तर सावध. पुढे अधिक चिन्ह देऊन हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलं असेल, तर लघवी वाढवणारं औषधही त्याच गोळीत आहे. ‘बीपीची एकच गोळी आहे’ असं म्हणणाऱ्यांकडे बऱ्याचदा अशी दोन औषधं असतात. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त एका नळीने येतं, दुसरीने जातं, आणि आतल्या दाबावर गाळण चालते. लघवीच्या औषधाने येणारं पाणी कमी केलेलं असतं. प्रिल किंवा सार्टनने बाहेरची नळी सैल केलेली असते, त्यामुळे दाब आधीच उतरलेला. अशा वेळी आत येणारी नळी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करत असतं, आणि पेनकिलर नेमकं तेच बंद करते. या तिहेरी जोडीत त्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं, की मूत्रपिंड एक-दोन दिवसांत कोलमडू शकतं. दुखत काहीच नाही. लघवी कमी होते, पाय सुजतात, मळमळतं, एवढंच. शिवाय या पेनकिलर शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपी चढतं. मग डॉक्टर बीपीचं औषध वाढवतात, आणि पेनकिलरबद्दल कोणी विचारलेलंच नसतं.

दुसरं कारण ॲस्पिरिन. कमी मात्रेची ॲस्पिरिन प्लेटलेटवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) ज्या जागी जाऊन बसते, तिथे आयबुप्रोफेन आधी पोचलं तर ॲस्पिरिनला जागा मिळत नाही. आयबुप्रोफेन काही तासांनी सुटतं, तोवर ॲस्पिरिन रक्तातून निघून गेलेली असते. त्या दिवसाचं हृदयाचं संरक्षण वाया. साध्या, लगेच विरघळणाऱ्या ॲस्पिरिनसाठी नियम असा: आयबुप्रोफेन ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने, नाहीतर ॲस्पिरिनच्या ८ तासांहून आधी. पण आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या ॲस्पिरिनला हे वेळापत्रक लागू करता येत नाही. आणि वेळ साधली तरी दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायचा धोका उरतोच.

अशीच फुली यांच्यासमोर: आधी अल्सर किंवा पोटातला रक्तस्राव झालेले, मूत्रपिंडाचा आजार, हार्ट फेल्युअर, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, बायपास नुकतीच झालेले. ज्यांना वॉरफेरिन, अपिक्सबॅन, क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ करणारं औषध, प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, लिथियम, मेथोट्रेक्सेट यांपैकी काही चालू आहे. नैराश्यासाठी सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम घेणाऱ्यांनाही रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे सहसा कोणी सांगत नाही. रोज दारू घेणाऱ्यांनाही हेच. हृदयाचं म्हणाल तर, २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा अधिक कडक केला: झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, आणि मात्रा व दिवस वाढले की आणखी वाढतो.

औषधपेटी
आजींच्या स्ट्रिपवर ‘टेल्मिसार्टन + हायड्रोक्लोरोथायझाइड’ निघालं. म्हणजे तुम्ही लिहिलेलीच जोडी. मग गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किती? आणि जेल पोटात जात नाही, तर ते हवं तेवढं लावलं तर चालेल ना? तसं ते लावून फारसा फरक पडत नाही अशी तक्रार आहेच.

जेल_आणि_पट्टी
फरक पडत नाही कारण वाटाण्याएवढं लावलं जातं. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलची गुडघ्यासाठीची मात्रा एका वेळी ४ ग्रॅम आहे, दिवसातून ४ वेळा. हात, मनगट, कोपर यांना २ ग्रॅम. मोजायचं कसं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. म्हणजे गुडघ्याला अशा आठ रेघा! ३० ग्रॅमची ट्यूब पूर्ण मात्रेने एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. महिनाभर पुरणारी ट्यूब म्हणजे गुडघ्याला औषध मिळालेलंच नाही. ट्यूबवरची टक्केवारी मात्र बघा. १.१६ टक्के लिहिलेलं जेल या १ टक्क्याच्या बरोबरीचंच, पण २.३२ टक्केवालं दिवसातून दोनदाच लावायचं असतं.

गुडघ्याच्या पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, त्वचेत जिरेपर्यंत हलक्या हाताने. मग १० मिनिटं कपडा नको, तासभर पाणी नको. हात धुवायचे, पण हाताच्याच सांध्यांना लावलं असेल तर तेही तासाभराने. वरून शेकायची पिशवी, घट्ट क्रेप बँडेज, प्लास्टिक काही नको. उष्णतेने आणि झाकल्याने औषध जास्त आत शिरतं. जखमेवर, पुरळावर नाही. लावलेल्या जागी कडक ऊन नको. आठवडाभर नेमाने लावून मग गुण ठरवा. गुडघा आणि हाताचे सांधे त्वचेजवळ असतात म्हणून तिथे उपयोग होतो, खुब्याचा सांधा खोल असल्याने तिथे नाही.

‘हवं तेवढं’ हे मात्र नाही. जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के असतं. कमी आहे, पण शून्य नाही, आणि चार सांधे चोपडले की बेरीज होते. सगळे सांधे मिळून दिवसाला ३२ ग्रॅम ही वरची मर्यादा. आजींच्या बाबतीत सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: ‘शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी) किती होतं, आणि एका गुडघ्याला रोज १६ ग्रॅम डायक्लोफेनॅक जेल लावलं तर चालेल का?’ असा नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर मिळतं.

पॅरासिटामॉल ५०० ची एक किंवा दोन, ६ तासांच्या अंतराने, त्यांच्या वयाला दिवसात एकूण ३ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा गोळ्या. वजन ५० किलोच्या खाली असेल तर त्याहून कमी, किती ते विचारून. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते याच बेरजेत धरा.

अवांतर: विंटरग्रीनचा वास येणाऱ्या बामांमध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं. वॉरफेरिन घेणाऱ्याने ते भरपूर चोळू नये, रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

पाच_मिली
मुलाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आयबुप्रोफेन वजनावर देतात, वयावर नव्हे: एका वेळी किलोमागे ५ ते १० मिग्रॅ. २० किलोला १०० ते २००. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये १०० मिग्रॅ’ असेल तर ७.५ मिली म्हणजे १५० मिग्रॅ, हे मधलं माप धरा. ६ ते ८ तासांनी, घरच्या घरी दिवसात तीनदाच. तक्त्यात मिली लिहाल तेव्हा शेजारी बाटलीवरची ताकदही लिहा. नवी बाटली वेगळ्या ताकदीची निघते आणि तान्ह्यांचे थेंब तर बरेच दाट असतात, तेव्हा जुना मिलीचा आकडा चुकतो. पॅरासिटामॉल मिसळलेलं सिरपही मिळतं, त्याचं नाव फार मिळतंजुळतं असतं.

बाटली खरोखर जोरात हलवा. औषध तळाशी बसतं, न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट. घरातला चमचा नको, सुईविरहित सिरिंज वापरा: दट्ट्याची कड रेघेवर आणायची, हवेचा बुडबुडा काढायचा, आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, सरळ घशात नाही.

कधी द्यायचं नाही: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय. उलट्या-जुलाब चालू आहेत, लघवी कमी झाली आहे, तेव्हा. कांजिण्यांत नाही, कारण त्वचेचा जंतुसंसर्ग गंभीर होण्याचा संबंध आढळला आहे. डेंग्यूची शंका असेल तर मोठ्यांनाही आयबुप्रोफेन-ॲस्पिरिन नाही, फक्त पॅरासिटामॉल, कारण प्लेटलेट आधीच कमी होत असतात. आणि १६ वर्षांखालच्यांना ॲस्पिरिन घरच्या घरी कधीच नाही. विषाणूच्या तापात तिने राय सिंड्रोम नावाचा यकृत-मेंदूचा आजार होऊ शकतो.

तापासाठी आलटून-पालटून दोन औषधं देऊ नका. पहाटे तीन वाजता कोणाची पाळी होती हे कोणालाच आठवत नसतं. एकच औषध, आणि दिलेली वेळ कागदावर.

दुसरी_बाजू
दोन गोष्टी राहिल्या. धडधाकट मोठ्या माणसांनाही आधी विचारा: दमा आहे का, नाकात पॉलिप (आतल्या मऊ गाठी) आहेत का, पूर्वी अशा गोळीने दम लागला, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले का? एकदा ॲस्पिरिनने झालं असेल तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक सगळ्यांनी होऊ शकतं. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर या गोळ्या नकोत. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन हा अपवाद, ती मनाने बंद करू नये.

आणि डोकेदुखीवाल्यांनी कॅलेंडरवर खुणा करा. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस अशी गोळी, आणि असं तीन महिन्यांहून जास्त, तर गोळीच डोकेदुखी आणायला लागते.

औषधपेटी
तक्ता जवळजवळ झाला. शेवटची ओळ ‘चुकून जास्त घेतलं गेलं तर’ अशी आहे, तिथे काय लिहू? आणि दवाखान्यात कधी पळायचं?

मात्रा_मोजून
पळायचं यासाठी: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. (लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण तसा चिकटपणा आणि वास नसतो.) कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी. उभं राहिल्यावर अंधारी. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. ओठ-चेहऱ्याची सूज. अंगावर फोड येऊन त्वचा सोलवटणं. पोटात आधी दुखलं नव्हतं म्हणून रक्तस्राव नसेल असं धरू नका. या गोळ्या वेदनाच दाबतात, त्यामुळे अल्सरचं पहिलं लक्षण थेट रक्त असू शकतं.

जास्त घेतलं गेलं तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांच्या दोन वेगळ्या ओळी करा. धडधाकट माणसाने आयबुप्रोफेनची एक गोळी चुकून जादा घेतली तर पुढची वगळायची, पाणी प्यायचं, वरच्या खुणांवर लक्ष ठेवायचं. किलोमागे १०० मिग्रॅच्या आत सहसा गंभीर त्रास होत नाही, किलोमागे ४०० च्या वर जिवाशी खेळ. मुलाने बाटली तोंडाला लावली असेल तर हिशेब करत बसू नका, बाटली आणि मूल दोन्ही घेऊन निघा. किती उरलंय ते बघून डॉक्टर गणित करतील. उलटी करवू नका.

पॅरासिटामॉल जास्त गेलं असेल तर ‘बघू, काही होतंय का’ हे चालत नाही. पहिला दिवस माणूस बरा दिसतो, यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते. त्यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो पहिल्या ८ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला चालतो. एकत्र गोळ्या जास्त गेल्या असतील तर त्या याच ओळीत धरायच्या, आयबुप्रोफेनच्या नाही. दवाखान्यात जाताना रिकामी स्ट्रिप सोबत न्या. फाटलेली असली तरी, घटकाचं नाव असलेला तुकडा.